कंपनीच्या नावाची उदबत्ती

आईनं एका सरकारी माणसाशी खोटं बोलून माझा अर्ज बुडवला, असं मी पहिले काही दिवस जो भेटेल त्याला सांगत होतो. सांगताना आपण स्वतःला शहाणं आणि आईला अडाणी ठरवतोय, हे माझ्या लक्षातही येत नव्हतं. आता ते आठवलं की मान खाली जाते. पण या प्रकरणात मान खाली जावी असं इतकं काही घडलं, की नेमकी कशाची लाज जास्त वाटते हे मलाही धड सांगता येत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील मी शाळेत असतानाच गेले. आईनं विड्या वळून मला शिकवलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. पेढा खाता खाता एकानं विचारलं, "म्हणजे आता हा औषधं देणार का?" आई म्हणाली, "देईल की." मी लागलो उदबत्तीच्या कारखान्यात.

कारखाना तिकडं कन्नड मुलखात, मोठ्या शहराला लागून, होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत. मुलाखतीला गेलो तेव्हा माझं इंग्रजी म्हणजे पाठ केलेली चार उत्तरं. ती दुसऱ्या प्रश्नालाच संपली. समोर बसलेले मॅनेजर सर कन्नडमध्ये म्हणाले, "कन्नड येतं?" मी म्हटलं, "सोलापूरकडचं येतं." ते हसले. "मग त्याच्यातच सांग, टायट्रेशन कसं करतात." मी सांगितलं आणि नोकरी मिळाली. त्या दिवशी त्यांनी इंग्रजीचाच आग्रह धरला असता तर मी रात्रीच्या गाडीनं परत गेलो असतो, आणि पुन्हा एवढ्या मोठ्या गावात कुठं अर्ज करायची माझी छाती झाली नसती. हे मी कधीच विसरलो नाही. पुढं जे झालं ते कळायला एवढं ध्यानात ठेवावं लागेल.

माझं काम क्वालिटीचं. कारखान्यात कामगार मला नावानं हाक मारत नसत, 'बीएस्सी' म्हणत. ए बीएस्सी, तुझी खोली तयार आहे. ही खोली म्हणजे जाळायची खोली. प्रत्येक घाण्यातल्या काही काड्या तिथं आणून जाळून बघायच्या. काडी किती वेळ जळते, मध्येच विझते का, राख वाकून राहते की गळते, आणि विझल्यावर वास किती वेळ टिकतो, हे सगळं लिहायचं. खोलीत पंखा नाही, खिडकीच्या फटी चिकटपट्टीनं बंद. वारा लागला की काडी भराभर जळते आणि वेळ चुकते. वास टिकतो का हे बघायला काड्या विझल्यावर पुन्हा आत जाऊन दीर्घ श्वास घ्यायचा. मोगरा, चंदन, केवडा, लोबान. दिवसभर हेच. मी ते मन लावून करत होतो. माझी सही झाल्याशिवाय माल बाहेर पडत नाही, याचं मला अप्रूप होतं.

वर्षभरानं आईला होसकोट्याला आणलं. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, कोपऱ्यात देव. त्याच वर्षी दसऱ्याच्या आयुधपूजेला घरच्यांना बोलावणं होतं. इकडं आयुधपूजा म्हणजे यंत्रांना, गाड्यांना हार घालतात, दारात कोहळा फोडतात. सगळा कारखाना धुऊनपुसून झेंडूनं सजवला होता. मॅनेजर सरांनी घरच्या माणसांना स्वतःच्या हातानं चंदनाच्या उदबत्तीचं खास पाकीट दिलं. माझ्या आईनं पाकीट घेतलं आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. ते दचकून मागे सरले, "अय्यो अम्मा, बेडा बेडा" म्हणाले, नको नको. आजूबाजूचे हसले. मलाही थोडं ओशाळल्यासारखं झालं.

त्यानंतर आई रोज सकाळी देवापुढं पाच काड्या लावू लागली. चार देवांच्या आणि एक कंपनीच्या नावाची. ती पाचवी वेगळी, तुळशीच्या कुंडीत खोचायची. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांच्या दारात आपला चुलीचा धूर निघतोय. त्यांचं बरं असलं तर आपलं बरं." पाकिटांना तोटा नव्हता. ज्या घाण्यात काही उणं निघे त्याची पाकिटं पगाराच्या दिवशी आम्हाला वाटत. रांगेत उभं राहून घ्यायची आणि 'थँक्यू सर' म्हणायचं.

लहानपणी मला दमा होता. थंडीत छातीत शिट्टी वाजायची, आई कोमट तेल चोळायची. कॉलेजला गेलो तसा तो गेला. गेला म्हणजे मी विसरून गेलो. कारखान्यात दुसऱ्या वर्षी तो परत आला. आधी नुसता खोकला, मग जिना चढताना धाप, मग सोमवारी संध्याकाळी छाती आवळल्यासारखी व्हायची आणि रविवारी पुन्हा मोकळी. दसऱ्याच्या आधी माल दुप्पट निघतो, पुढच्या वर्षी त्या दिवसांत एकदा दुपारी मी जाळायच्या खोलीतून बाहेर आलो आणि दाराजवळच खाली बसलो. श्वास आत जातोय पण बाहेर येत नाही. सेंटात काड्या बुडवणाऱ्या विभागातली एक अक्का धावत आली, तिनंच मला उचलून उभं केलं आणि गेटवरच्या रिक्षात घातलं.

कामगारांच्या विम्याच्या दवाखान्यात नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, जुना दमा कामातल्या धुरानं पेटलाय. पंप दिला. घरातही धूर बंद करा म्हणाले. त्याच संध्याकाळी आईनं देवापुढची राख पुसून काढली. तेव्हापासून आमच्या देवापुढं नुसतं निरांजन. पाचवी काडीही बंद. पगाराच्या दिवशी मिळालेली पाकिटं मात्र मी रांगेत उभा राहून घेतच राहिलो. नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागलं असतं. ती सगळी पाकिटं न फोडता कॉटखाली एका पोत्यात साठत गेली. उदबत्ती फेकायची नाही, असं आईचं म्हणणं.

भरपाईचा अर्ज कर, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच सुचवलं. कामामुळं आजार बळावला असं मान्य झालं तर औषधं आणि रजेचे पैसे मिळतील, आणि मुख्य म्हणजे त्या खोलीतून दुसऱ्या कामावर बदली करणं कंपनीला भाग पडेल. नाहीतर माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. पंप खिशात ठेवून त्याच खोलीत परत जायचं, किंवा राजीनामा द्यायचा. राजीनामा दिला तर आईला घेऊन गावी जाऊन काय करणार होतो? गावात बीएस्सीला काम नव्हतं. आई पुन्हा विड्या वळायला बसली असती.

अर्ज केला, पण चोरून केला. मॅनेजर सरांना एका शब्दानं सांगितलं नाही. ज्या माणसानं माझ्या मोडक्या कन्नडवर मला नोकरी दिली, त्याच्या कारखान्याविरुद्ध लिहून द्यायचं, हे मला खाल्ल्या घरचे वासे मोजण्यासारखं वाटत होतं. विम्याच्या कचेरीतून कंपनीला पत्र जाणार, ते त्यांच्याच टेबलावर पडणार, एवढं कळत होतं. तरी तोंडानं सांगवलं नाही. पत्र गेलं. एरवी सर मला घरच्यासारखं 'बा' म्हणायचे, म्हणजे 'ये'; दुसऱ्या दिवसापासून ते थांबलं. कामापुरतं बोलायचे, तेही नीटच. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

कामगारांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधला एकजण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बीएस्सीला उदबत्तीचा धूर सोसेना. चितेवर ठेवल्यावर काय करणार?"

अक्का भात कालवत म्हणाली, "तेव्हा पंप देऊ की त्याला."

सगळे हसले. मीही हसलो आणि हसता हसता खोकलो, मग अजून हसले.

काही महिन्यांनी नकार आला. कागद इंग्रजीत होता, मी तो शब्दाशब्दानं वाचला. अर्जदारास लहानपणापासून दमा आहे. अर्जदाराच्या घरी रोज पाच उदबत्त्या लावल्या जातात, असं घरभेटीत त्याच्या आईनं सांगितलं. सबब आजाराचा कामाशी संबंध सिद्ध होत नाही. नाराज असल्यास मुदतीत अपील करावं.

घरभेट झाली होती हेच मला माहीत नव्हतं. आईला विचारलं.

"एक पाव्हणा आला होता," ती म्हणाली. "कंपनीचं नाव घेतलं. चांगला होता. च्या दिला त्याला."

"आणि पाच उदबत्त्या लावतो असं सांगितलंस?"

"मग काय सांगायचं? लेक उदबत्तीच्या कारखान्यात, आन् देवापुढं उदबत्ती न्हाई? कंपनीला काय वाटंल?"

"तो कंपनीचा नव्हता, आई. विम्याचा होता. माझा आजार कशानं झाला ते बघायला आला होता."

मग हळूच म्हणाली, "जाताना एक पाकीटबी दिलं."

मी तिला वाट्टेल तसं बोललो. शाळेत गेली असतीस तर एवढं कळलं असतं, असंही बोललो. ती विड्या वळत होती म्हणून मी शाळेत गेलो, हे त्या वेळी मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी थांबलो असतो की नाही, कोण जाणे. ती ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत राहिली.

मराठी मंडळींच्या गणपतीत ओळख झालेले एक अण्णा शहरात, चामराजपेटेत राहतात. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेत. नोकरीत असताना ते युनियनचे सेक्रेटरी होते, कामगारांच्या अर्जविनंत्या त्यांनीच लिहिल्या. मी शिवाजीनगरला बस बदलून त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला.

"स्वल्प थांब, तम्मा. लहानपणी दमा होता हे खरं का?"

"खरं. पण ते काढून टाकता येईल का? गावच्या डॉक्टरांकडं काही कागद नाहीत."

"काढायचं कशाला? होता म्हणून सांगायचं. झोपला होता, कामानं उठवला, असं लिहायचं. सरी, बरं. आता दुसरं. घरात पाच उदबत्त्या?"

मी सगळं सांगितलं. आईचा मूर्खपणा, हा शब्द वापरूनच सांगितलं.

अण्णांनी चष्मा काढला. "तू कारखान्यात अर्ज चोरून का दिलास?"

"सरांना काय वाटेल म्हणून."

"मग आईनं तरी दुसरं काय केलं?"

आतून त्यांच्या बायकोनं कॉफी आणली. मी पेला घेतला आणि तसाच खाली ठेवला.

अण्णा पुढं म्हणाले, "हे बघ. आईनं सांगितलेलं आईनंच मोडायला पाहिजे. तू लिहून दिलंस तर म्हणतील, मुलगा शिकलेला, आता हुशारी करतोय. तिला अपिलाच्या मंडळापुढं आण."

"तिथं खोटं बोलले म्हणून कबूल करायचं?"

"मग? दुसरं कोण करणार? आणि ती पाकिटं घरात आहेत म्हणालास ना, न फोडलेली? त्यावर तारखा असतील."

तारखा होत्या. प्रत्येक पाकिटावर घाण्याचा नंबर आणि तारीख असते, तो शिक्का मारायची तपासणीही माझ्याच कामात होती. तरी हे मला सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर सुचू द्यायचं नव्हतं. ती पाकिटं बाहेर काढणं म्हणजे कंपनीनं हातात दिलेलं आम्ही वापरलं नाही, हे चारचौघांत दाखवणं.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "साहेब बी असतील का तिथं?"

"मॅनेजर सर? कंपनीतर्फे कोणीतरी असणारच."

"मग मला न्हाई जमायचं."

तीन दिवस ती तेच म्हणत राहिली. मी दुसरी सोय काही असेल का म्हणून अण्णांना फोन केला. ते म्हणाले नाही. चौथ्या दिवशी सकाळी माझी छाती पुन्हा भरली. पंप ओढून मी भिंतीला टेकून बसलो होतो. आई समोर येऊन उकिडवी बसली, माझ्या छातीचा आवाज ऐकत राहिली. मग उठून कॉटखालून पोतं ओढलं आणि त्यावरची धूळ फडक्यानं पुसायला लागली.

सुनावणी शहरात, एका जुन्या सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. आई लग्नाकार्याला नेसते ती साडी नेसली होती. पोतं मी खांद्यावर घेतलं तर जिन्यात धाप लागली, म्हणून ते तिनंच घेतलं. मंडळात तिघेजण होते, एक अधिकारी आणि दोन डॉक्टर. त्यांतल्या एक बाई. बाजूच्या खुर्चीत मॅनेजर सर. त्यांनी माझ्याकडं न बघता आईला नमस्कार केला. आईनं पोतं खाली ठेवलं आणि नमस्कार करायचं विसरून पदर सारखा करत राहिली.

आईला मराठीत बोलायची परवानगी मिळाली. मुलानं अर्थ सांगायचा नाही असं अधिकारी म्हणाले, म्हणून ते आमच्याबरोबर आलेल्या अण्णांकडं आलं. त्यामुळं आईचं प्रत्येक वाक्य मला एकदा मराठीत आणि मग पुन्हा कन्नडमध्ये ऐकावं लागलं. सरांच्या चेहऱ्यावर ते दुसऱ्या वेळी पोचायचं, आणि ते पोचेपर्यंत मी जमिनीकडं बघत राहायचो.

"घरभेटीला आलेल्या माणसाला तुम्ही काय सांगितलंत?"

"रोज पाच उदबत्त्या लावतो म्हनून."

"ते बरोबर आहे का?"

"न्हाई. मी खोटं सांगितलं. याला झटका आला त्या दिवसापास्नं आमी एकबी लावली न्हाई."

अण्णांनी कन्नडमध्ये सांगितलं, की यांच्याकडून सांगण्यात चूक झाली. आईनं त्यांची बाही ओढली. सोलापूरकडची असल्यामुळं तिला तेवढं कन्नड कळत होतं.

"चूक न्हाई अण्णा. खोटं. खोटं बोलले म्हना."

अण्णांनी घसा साफ केला आणि तसं सांगितलं.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "पण खोटं का बोललात? त्यात तुमच्या मुलाचंच नुकसान होतं."

आईनं एकदा सरांकडं पाहिलं. "ज्यांचं अन्न खातो त्यांची उदबत्ती आमी घरात लावत न्हाई, असं तोंडानं कसं बोलायचं, बाई? शेजारीण बी दारात हुभी होती. पोराचं लगीन व्हायचंय. दमेकरी म्हनून बोभाटा झाला असता." मग थांबून म्हणाली, "देवापुढं उदबत्ती न्हाई, याचीच मला लाज होती. पोराच्या छातीचं ध्यानात आलं न्हाई."

मंडळानं पोतं उघडायला सांगितलं. मी एकेक पाकीट काढून टेबलावर मांडत गेलो. मोगरा, केवडा, लोबान, महिन्यामहिन्याची. प्लॅस्टिकचं आवरण जसंच्या तसं. सगळ्यात शेवटी दोन चंदनाची खास पाकिटं आली, सोनेरी कागदाची. आजारी पडल्यावरच्या दोन आयुधपूजांची. सरांनी आपल्या हातानं आईला दिलेली.

अधिकाऱ्यांनी सरांना विचारलं, "ही तुमच्याच कारखान्याची?"

सर उठून टेबलापाशी आले. एक पाकीट उचलून त्यांनी शिक्का वाचला, दुसरं उचललं. मग सोनेरी पाकीट हातात घेतलं आणि बराच वेळ ते उलटंसुलटं करत राहिले. त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं, आता ते म्हणतील, या बाईनं माझ्या पाया पडून हे घेतलंय. वाटलं की म्हणावं. म्हणजे एकदा संपेल.

"हो, आमचीच आहेत," ते म्हणाले. "तारखा बरोबर आहेत. एकही फोडलेलं नाही."

मग डॉक्टर बाईंनी त्यांना जाळायच्या खोलीबद्दल विचारलं. धूर बाहेर कसा जातो? सर सांगू लागले. आपल्या कामाबद्दल बोलताना ते नेहमी खुलतात, तिथंही खुलले. धूर बाहेर जाऊच द्यायचा नसतो. जरा वारा लागला की वेळ चुकते. आमच्याइतकी काटेकोर तपासणी या भागात कोणी करत नाही, खिडकीच्या फटी मी स्वतः उभं राहून बंद करून घेतल्यात. बाई लिहून घेत होत्या. त्यांची लेखणी सारखी चालतेय हे सरांच्या लक्षात आलं तेव्हा ते मध्येच थांबले. "म्हणजे," ते म्हणाले, आणि जाऊन खुर्चीत बसले.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "झालं तुझं काम. त्यांनीच करून दिलं." मला आनंद व्हायला हवा होता. सर जिना उतरून जाताना दिसले. आई त्यांच्यामागं दोन पायऱ्या गेली आणि कठड्याला धरून थांबली. त्यांना काय सांगायचं होतं असं मी नंतर तिला विचारलं. "काय सांगनार," ती म्हणाली.

अपील मंजूर झालं. जुना आजार कामामुळं बळावला, असं मंडळानं मान्य केलं. औषधं आणि रजा मिळाली. कंपनीला मला धुराच्या जागेवरून हलवावं लागलं. आता मी कच्च्या मालाच्या नोंदी बघतो, ऑफिसात, उघड्या खिडकीजवळ. बऱ्याच दिवसांत छातीतून शिट्टी ऐकू आलेली नाही.

बदलीच्या कागदावर सही घ्यायला सरांकडं गेलो, त्याची गोष्ट मी आईला सांगितलेली नाही. त्यांनी कागद वाचला, सही केली, शाई वाळेपर्यंत तसाच पुढ्यात ठेवला.

"आईला तिथं आणायला नको होतं," ते म्हणाले.

"हो सर."

"आधी मला येऊन सांगायचंस. मीच लिहून दिलं असतं, की याला या खोलीतून काढा. विमा नको, मंडळ नको, काही नको."

मी पुन्हा "हो सर" म्हणालो. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला.

त्यांनी खरंच लिहून दिलं असतं का, याचा मी खूप विचार केलाय. कधी वाटतं, नक्की दिलं असतं. कन्नडमध्येच सांग म्हणणारा माणूस होता तो. कधी वाटतं, हे सगळं संपल्यावर म्हणणं सोपं आहे, आणि मी आधी सांगितलं असतं तर 'दसरा होऊ दे, मग बघू' म्हणाले असते. अण्णांचं मत असं, की मालकाच्या चांगुलपणावर श्वास ठेवायचा नसतो, त्यासाठीच कायदा केलाय. ते बरोबरच असेल. पण मला त्या दिवशी केबिनमध्ये कायदा आठवला नाही. एवढंच जाणवलं, की या माणसाला ना म्हणायचीसुद्धा संधी मी दिली नाही. त्यांनी ना म्हटलं असतं तर आज मला त्यांचा राग तरी करता आला असता.

कागद घेऊन मी बाहेर आलो आणि नव्या टेबलावर जाऊन बसलो.